चाखणाऱ्याचा घसा

"मामाजी, ही खराब हाय म्हणून सांगा," असं म्हणत वंदनानं पिशवीतली मेथीची जुडी बाजूला केली आणि खालून बाटली काढून माझ्यापुढं ठेवली.

वंदना माझ्या भाच्याची बायको. अल्लीपूरहून वर्धा आणि वर्ध्याला गाडी बदलून आमची हिंगणी, एवढा प्रवास तिनं ती पिशवी मांडीवर घट्ट धरून केला होता. आमचा जिल्हा दारूबंदीचा. इथं बाटली विकणं गुन्हा, बाळगणं गुन्हा. रस्त्यात कुणी पिशवी उघडायला लावली असती तर मेथी काय कामाची होती? माझ्या बायकोनं बाटली पाहिली आणि आधी पुढचं दार लावलं, मग मागचं, मग खिडकी. सगळं झाल्यावर म्हणाली, "चहा टाकते."

"कोणाची आहे?" मी उगाच विचारलं.

"कोणाची असंन? यायचीच. दुकानाच्या कपाटात, तारेच्या बंडलामागं होती."

'यायची' म्हणजे यांची, महेशची. महेश माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण आता नाही, मेहुणे त्याआधीच गेले, तेव्हा त्याला रागवायचा हक्क असलेलं माणूस म्हणजे मी एकटा. अल्लीपुरात त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळल्या की आतली जुनी तार काढून नवी गुंडाळायची, हे त्याचं काम. नाजूक काम असतं ते. तांब्याची तार केसाएवढी, वेढा चुकला की मोटार पुन्हा जळते. आणि त्याचे हात सकाळी कापायला लागले होते. घेतल्याशिवाय तार धरता येत नाही, अशी वेळ आली होती. लोक मोटारी हिंगणघाटला न्यायला लागले होते. त्यावर कडी म्हणजे डॉक्टरनं तपासून सांगितलं होतं की लिव्हर सुजलं आहे, आता थांबला नाही तर पुढं आमच्या हातात काही राहणार नाही.

"मी सांगून पाह्यलं, रडून पाह्यलं, माहेरी जाऊन पाह्यलं," वंदना म्हणाली. "त्यायले माह्यं खरं वाटत नाई. तुमचं वाटते. दारूच्या बाबतीत तुमचा शब्द म्हंजे देवाचा शब्द. तुमी फक्त म्हना, ही नकली हाय, इच्यात विष हाय. बास."

मी बाटलीचं बूच उघडलं आणि नाकाखाली धरलं. खजूर, भाजलेला गहू, जुन्या लाकडी पेटीत ठेवलेल्या कपड्यांचा वास. एका क्षणात ओळखलं. ही व्हिस्की माझीच होती. म्हणजे कंपनीची, पण तिच्यातल्या पिपांची जुळणी वर्षानुवर्षं माझी, आणि निवृत्तीच्या आधी शेवटची जुळणी मी केली ती हिचीच. अस्सल माल होता, एक थेंबही भेसळ नव्हती.

"वंदना, ही खरी आहे. चांगली आहे," मी म्हणालो.

"असू द्या ना खरी! तुमी खोटी म्हना."

"तो ओळखेल गं. त्याचं नाक आहे. मी खोटं बोललो हे कळलं की माझ्या शब्दाला असलेली तेवढी किंमतही जाईल, आणि तो दुसरी बाटली आणेल."

ती उठली, पिशवीत मेथी पुन्हा भरली आणि म्हणाली, "म्हंजे तुमच्या नाकाची इज्जत माह्या घरापेक्षा मोठी झाली का जी?"

चहा न घेताच ती निघाली. बाटली माझ्या टेबलावरच राहिली. तिच्या त्या वाक्याला उत्तर द्यायचं तर माझी नोकरी काय होती ते आधी सांगायला हवं.

मराठवाड्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत दारूच्या कारखान्यात मी चाखणारा होतो. कागदावर नाव भारदस्त होतं, पण काम तेच. बी.एस्सी. झालो, जाहिरात पाहून अर्ज केला, आणि नोकरी लागल्यावर कळलं की रसायनशास्त्रापेक्षा माझं नाक त्यांना हवं आहे. वडील आश्रमाच्या वातावरणात वाढलेले, अंगावर खादी. त्यांनी गावात सांगितलं, "पोरगा केमिकल कंपनीत आहे," आणि मरेपर्यंत तेच सांगत राहिले. खोटं नव्हतं म्हणा! मी सुट्टीला आलो की आई आधी आंघोळीला पाठवायची, मग स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायची.

लोकांना वाटतं, आम्ही सकाळपासून पेले रिकामे करत बसायचो आणि संध्याकाळी झुलत घरी जायचो. अहो, तसं असतं तर निवृत्तीपर्यंत जगलो असतो का? चाखण्याची खोली दवाखान्यासारखी पांढरी. वेळ सकाळची, नाश्ता पचलेला आणि जेवणाची भूक नुकती लागलेली, कारण तेव्हा नाक सगळ्यात तल्लख असतं. कांदा-लसूण बंद, पान-तंबाखू बंद, केसांना तेल नाही, अंगाला वासाचा साबण नाही. पेले निळ्या काचेचे, म्हणजे रंग पाहून मन फसू नये. दारूत अर्ध्याहून जास्त पाणी घालायचं, कारण कडक दारू नाकाला मारते आणि मग काही कळत नाही. हुंगायचं, तोंडात घ्यायचं, जिभेवरून फिरवायचं आणि थुंकायचं. एक पेला झाला की पाणी, चार मुरमुरे, आणि पुढचा पेला. बियर मात्र थोडी गिळावीच लागते, कारण तिचा कडूपणा घशाशी कळतो. म्हणून बियरवाल्या लोकांना आम्ही उगाच जरा कमी समजायचो.

आणि आमचं काम नवं काही शोधायचं नसायचं. कालची चव आजच्या बाटलीत आणायची, एवढंच. आपल्याकडची बरीचशी व्हिस्की म्हणजे बिनवासाचं स्पिरिट, त्यात थोडी खरी, लाकडी पिपात मुरलेली दारू आणि रंगाला जाळलेली साखर. पिपं काही एकसारखी नसतात. एक गोड, एक तुरट, एक आजारी. त्यांचा संसार असा जमवायचा की गिऱ्हाइकाला भांडण ऐकू येऊ नये.

आमचे थोरले साहेब अय्यर म्हणून तमिळ गृहस्थ होते. कपाळाला विभूती, डब्यात दहीभात. त्यांनी आयुष्यात दारूचा एक थेंब पोटात जाऊ दिला नाही आणि त्यांच्याइतकं दारूतलं कळणारा माणूस मी पाहिला नाही. ते म्हणायचे, वासाला नाव द्यायला शिका, नाव दिलं की वास हातात येतो. पुस्तकातली नावं इंग्रजी, ती आमच्या डोक्यात उतरेनात. मग आम्ही आमची नावं ठेवली. बिघडलेल्या बियरला 'ओला पुठ्ठा'. नीट न मुरलेल्या दारूला 'पिकलं केळ'. एका वासाला मी 'ढेप' नाव दिलं. सरकीची ढेप, गुरांना घालतो ती. मराठवाड्यातल्या सहकाऱ्यांना 'पेंड' म्हटलं की कळायचं, पण माझ्या हट्टापायी साहेबांच्या अहवालातही शेवटी 'ढेप'च आलं.

एकदा सणाच्या तोंडावर रमच्या सगळ्या मालात आम्हा तिघा चाखणाऱ्यांना कापरासारखा वास आला. आजच्या पेल्यात, कालच्या पेल्यात, कपाटातल्या जुन्या नमुन्यातही. मॅनेजर धावत आले, ट्रक थांबले, टाक्या धुवायची तयारी सुरू झाली. अय्यर साहेबांनी पेला उचलला, बाहेर कडुलिंबाखाली गेले आणि तिथं हुंगला. साफ! परत आत आले, खाली वाकले आणि वॉशबेसिनच्या जाळीतून पांढऱ्या गोळ्या काढल्या. सफाईला नवा माणूस लागला होता. त्यानं साहेबलोकांची खोली म्हणून आपल्या हौसेनं डांबरगोळ्या टाकल्या होत्या. साहेब त्याला रागावले नाहीत. आम्हाला मात्र म्हणाले, "तिघांपैकी एकालाही खोलीबाहेर जावंसं वाटलं नाही?" त्यानंतर शंका आली की आम्ही पेला घेऊन झाडाखाली जायचो.

गिऱ्हाइकं तर एकेक वल्ली. एक निवृत्त सुभेदार अर्धी बाटली घेऊन थेट फाटकावर आला होता. "चव बदलली तुमची. फौजेपासून हीच पितो, मला शिकवू नका." त्याला आत बोलावलं. अशा वेळी आम्ही तीन पेले ठेवायचो. दोनात एकच दारू, तिसऱ्यात वेगळी. वेगळा पेला ओळखायचा. त्याच्या जुन्या साठ्यातली आणि आजची, अशी परीक्षा लावली. त्याला काही ओळखता येईना. दोनदा केली, तरी नाही. मग त्यानं पेला खाली ठेवला. म्हणाला, "मंडळी गेली गेल्या वर्षी. मी प्यायला बसलो की ती समोर शेंगदाणे सोलत बसायची आणि बोलत राहायची. आता एक पुरे, आता उठा, आता जेवण निवलं." चव त्या बोलण्यात होती, हे त्याला त्या खोलीत कळलं. आम्हालाही कळलं. अय्यर साहेबांनी त्याला आपल्या डब्यातला दहीभात खायला घातला.

निवृत्त होऊन हिंगणीत घर बांधलं तेव्हा वाटलं, आता नाकाला विश्रांती. कुठलं काय! दारूबंदीच्या जिल्ह्यात दारू कमी नसते, फक्त तिचा भरवसा नसतो. लोक संध्याकाळी फिरायला आल्यासारखे येत, खिशातून पव्वा काढत. "काकाजी, जरा सांगा ना, असली हाय का डुप्लिकेट?" मी प्रत्येकाला एकच सांगत आलो. वास खराब असेल तर मी सांगू शकतो, पण जीव घेणारं जे विष भेसळीच्या दारूत असतं ते नाकाला कळत नाही. माझ्या नाही, कुणाच्याच नाही. त्याचा वास जवळजवळ साध्या दारूसारखाच. तेव्हा माझ्याकडून दाखला मागू नका. तरी एकदा कानावर आलं की समुद्रपूरकडचा एक विकणारा 'हिंगणीच्या काकांनी पास केलेली' म्हणून माल खपवतो आहे. मी तसाच बसमध्ये बसलो, त्याच्या दारात गेलो आणि चारचौघांत त्याची अशी खरडपट्टी काढली की मला स्वतःलाच माझं आश्चर्य वाटलं. तेव्हापासून माझ्या दारात पव्वे येणं बंद झालं.

महेश मात्र लहानपणापासून माझ्या मागं असायचा. सुट्टीत आलो की विचारायचा, "मामा, हे हुंगून सांगू का?" संत्र्याची साल, भिजलेली सरकी, छपराचा नवा कवेलू, डोळे मिटून सगळं ओळखायचा. मोठा झाला आणि रविवारी मित्रांबरोबर जिल्ह्याची हद्द ओलांडायला लागला. नदीचा पूल संपला की पलीकडं ओळीनं बार आहेत, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. तिथं जाऊन नवनवी बियर, नवनवी व्हिस्की घ्यायची, आणि फोनवर मित्रांच्या ग्रुपमध्ये फोटो टाकून खाली आपलं मत लिहायचं. "पयल्या घोटाले संत्र्याची साल, मांगून कडू. उन्हात ठेवलेली घेऊ नका, वास मारते." "ही रम म्हंजे करपलेला गूळ. हिवायात बरी." मला तो ते सगळं पाठवायचा. सांगायला लाज वाटते, पण वाचताना मला गंमत यायची. मत बरोबर असायचं ना! त्याच्या शब्दावर लोक बाटली निवडायचे. कुणी टोकलं की म्हणायचा, "मी पीत नाई भाऊ, मी चाखतो. मामाचा भाचा हाय मी." त्या वाक्याच्या आडून तो कुठवर गेला ते आम्हाला कळलं तेव्हा हात कापायला लागले होते.

वंदना गेली त्या दिवशी मी जेवलो नाही. बायको म्हणाली, "तिला खोटं का नाही सांगितलंत? एवढा काय तो सत्याचा पुळका?" मी म्हटलं, पुळका नाही, खोट्यानं तो थांबणार नाही. "मग खऱ्यानं थांबवा," ती म्हणाली आणि माझ्यापुढचं ताट उचलून घेऊन गेली.

खऱ्यानं कसं थांबवायचं ते मला अय्यर साहेबांमुळं सुचलं. आमच्याकडं नवा उमेदवार आला की त्याची पहिली परीक्षा नाकाची नसायची. साहेब त्याच्यापुढं कारखान्यातली सगळ्यात जुनी, सगळ्यात उत्तम दारू ठेवायचे आणि चाखून थुंकायला सांगायचे. आणि स्वतः त्याच्या चेहऱ्याकडं न बघता गळ्याकडं बघायचे. चांगली वस्तू तोंडात आल्यावर ती बाहेर टाकणं सोपं नसतं. घसा आपोआप ओढतो. एकदा गिळली तर हसून सोडायचे, दुसऱ्यांदा सोडायचे. तिसऱ्यांदा गिळली की त्याची नेमणूक माल पाठवण्याच्या विभागात. "नाक शिकवता येतं, थुंकणं शिकवता येत नाही," म्हणायचे. माझ्याबरोबर लागलेल्या एका मित्राचं नाक माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. त्याला असंच तिकडं पाठवलं तेव्हा मला साहेबांचा संताप आला होता. पुढं दारूनं त्याचं जे झालं ते पाहून संताप गेला, पण हळहळ राहिली.

रविवारी सकाळी मी अल्लीपूरला गेलो. वंदनाची बाटली माझ्या पिशवीत होती, वर वर्तमानपत्र. महेश दुकानात होता. बाकावर एक उघडी मोटार, बाजूला तारेचं रीळ. मला बघून खुलला. "मामा! आज इकडं कसे काय?"

"तुझी परीक्षा घ्यायला. फार मतं देतोस म्हणे. बघू तरी."

"घ्या ना जी! केव्हाचं म्हणून राह्यलो तुमाले." त्याच्या तोंडाला तेवढ्या सकाळीही वास होताच. मी सांगितलं तशा त्यानं आतून दोन बाटल्या काढल्या, एक रमची, एक व्हिस्कीची. तिसरी मी माझ्या पिशवीतून पाठमोरा होऊन ओतली. चहाचे तीन ग्लास, प्रत्येकात चमचाभर दारू आणि वर पाणी. खाली तेलकट बादली.

वंदना घरातून दाराशी आली आणि थांबली. "मामाजी, हे काय करून राह्यले तुमी?" तिचा आवाज फाटला होता. "मी काय सांगितलं आन् तुमी काय..."

"जरा थांब पोरी. इथंच उभी राहा," मी म्हणालो. आणि महेशला नियम सांगितला. हुंग, तोंडात घे, फिरव, बादलीत थुंक, मग बोल.

पहिला ग्लास त्यानं हुंगला, तोंडात घेतला. "रम. मळीचीच. करपलेला गूळ, आन् कुठंतरी ओलं लाकूड." अगदी बरोबर. बादली कोरडी होती.

"थुंकला नाहीस."

"अरे हो! भुललो."

दुसरा ग्लास. त्यानं डोळे मिटले. "ही बरी नाई मामा. मांगून ढेपेचा वास येते." तो वास इतका बारीक होता की आमच्या अख्ख्या खोलीत तो दोघांनाच पकडता आला असता, अय्यर साहेबांना आणि मला. बादली याही वेळी कोरडीच. तो स्वतःच हसला. "सवय नाई ना जी थुंकाची."

मी त्याला नुसतं पाणी दिलं. "हे थुंक." त्यानं गुळणी करून बादलीत नेम धरून टाकलं. जमत होतं सगळं.

"आता हा तिसरा. काहीही झालं तरी हा गिळायचा नाही. तुला आईची आण."

तिसरा ग्लास नाकाशी नेला आणि तो थांबला. माझ्याकडं बघितलं. "ही तर तुमची हाय."

"कशावरून?"

"लहानपणी तुमी सुट्टीत येत जाये ना, तुमच्या ब्यागेले हाच वास राहे. मी ब्याग उघडून त्यात तोंड घालून बसत जाय. आई मारे मले." तो हसला. मला वाटलं, ही परीक्षा इथंच थांबवावी आणि उठून जावं. पण दारात वंदना उभी होती.

त्यानं घोट तोंडात घेतला. गाल फुगवून धरला. बादलीपाशी वाकला, बाकाची कड दोन्ही हातांनी पकडली. मी त्याच्या गळ्याकडं बघत होतो. कंठमणी वर गेला, थांबला. डोळ्यांत पाणी आलं, कपाळावर शीर उभी राहिली. तोंड उघडायला त्याला नुसतं ओठ सोडायचे होते. ते सुटले नाहीत. मग कंठमणी खाली गेला.

तो तसाच वाकलेला होता. मग बाजूच्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "गेली, मामा."

"हो."

"मी नाई गिळली. मी थुंकूनच राह्यलो होतो."

"मला दिसलं रे."

"आईची आण दिली होती तुमी," असं म्हणून तो लहान पोरासारखा रडायला लागला. मी आयुष्यात हजारो पेल्यांवर मत दिलं, पण माणसावर मत द्यायची वेळ कधी आली नव्हती.

वंदना आत आली. ती रडत नव्हती. "मामाजी, आता तरी सांगा. ही बाटली कशी हाय?"

"बाटली चांगली आहे. मी बनवली तेव्हा जीव ओतून बनवली होती," मी म्हणालो. "याचं नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे, हेही खरं आहे. पण घसा आता याचा राहिलेला नाही. हा चाखत नाही गं. हा चाखतो असं म्हणतो, एवढंच. आणि हे मी आधीच ओळखायला हवं होतं, कारण मला तेवढं एकच काम येत होतं."

महेशनं बाहीनं तोंड पुसलं. "वंदे, उद्या जाऊ आपण डॉक्टरकडं. उद्या नक्की."

"उद्या नाई. आता."

"ते मोटारवाले येतीन ना."

"त्यायले मी सांगीन. तुमी चप्पल घाला."

दोन्ही बाटल्या आणि माझी ती तिसरी तिनं दुकानामागच्या नालीत ओतल्या, नळ सोडला आणि हात धुऊन आली. माझ्या शेवटच्या जुळणीचा वास अल्लीपूरच्या त्या गल्लीत पसरला आणि समोरच्या घरातली म्हातारी नाकाला पदर लावून आम्हाला शिव्या घालत बाहेर आली. आम्ही तिघं वर्ध्याच्या गाडीत बसलो. डॉक्टर म्हणाले, एवढी पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम सोडायची नसते, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. भरती करून घेतलं. ते दिवस वाईट गेले. तो अंथरुणावर तार गुंडाळल्यासारखे हात करत राहायचा आणि वंदना ते हात धरून बसायची. मी बाहेरच्या बाकावर बसून असायचो. आत माझं काही काम नव्हतं, पण घरी जाववत नव्हतं.

त्यानंतर सगळं सरळ झालं, असं सांगितलं तर तो चटकदार लेख होईल, खरा नाही होणार. पोळ्याला तो एकदा घसरला. स्वतःच फोन केला, "मामा, गडबड झाली." पुन्हा दवाखाना, पुन्हा गोळ्या. ग्रुपमधून निघाला. मित्रांनी खेचायचा प्रयत्न केला, काहींनी माझ्या नावानं बोटं मोडली. दुकान अर्धा दिवस उघडायला लागला. पण सगळ्यात मोठी तक्रार त्याची वेगळीच होती. "मामा, कायचीच चव येत नाई. भाकर खाल्ली काय अन् कागद खाल्ला काय." माझ्याजवळ उपाय नव्हता. डॉक्टर म्हणाले, वेळ लागतो. मी त्याला तेच सांगत राहिलो आणि मनातून घाबरत राहिलो, कारण चव येत नाही म्हणून परत तिकडं वळलेली माणसं मी पाहिली होती.

परवा दुपारी वंदनाचा फोन आला. तिचा आवाज चढलेला होता. मी विचारलं, "काय झालं? घेतली का त्यानं?"

"नाई जी, नाई घेतली. पण मामाजी, तुमी समजवा तुमच्या भाच्याले. आज जेवतानी यायनं माह्या वरणाले नाव ठेवलं!"

"काय म्हणाला?"

"पयला घास घेतला, थांबला, अन् म्हने, हिंग कमी हाय. किती वरसं झाले, ताटात काय वाढलं हे पाह्यलं नाई या माणसानं. मीठ भुलली तरी खाऊन उठत जाय. अन् आज म्हने हिंग कमी हाय!"

ती भांडत होती की हसत होती ते मला कळेना. मग नाक ओढल्याचा आवाज आला. बायको खुणेनं विचारत होती, काय झालं.

शेवटी वंदना म्हणाली, "खरंच कमी होता, मामाजी."